दोनशे सतरा नंबरचा फॉर्म

१

शुक्रवारी सकाळी सव्वाआठला शिक्षकांच्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडलं, तेव्हा वरच्या खणात पैशांचा डबा होता, शिक्के होते, खडूची खोकी होती. हिरवी फाईल तेवढी नव्हती.

कपाट उघडणारा दंतवैद्य होता. पालक समितीचा प्रमुख, उत्साही माणूस. एखादं काम डोक्यात घेतलं की स्वतः झोपायचा नाही आणि दुसऱ्यालाही झोपू द्यायचा नाही. त्यानं खालचे खण पाहिले, कपाटामागे पाहिलं, मग पुन्हा वरचा खण पाहिला. तोवर त्याच्या कपाळावर घाम आला होता.

शाळेला बस हवी होती. नदीपलीकडच्या वस्तीतली चाळीस मुलं रोज पाऊण तास चालत यायची, आणि गेल्या महिन्यात पुलावर एका ट्रकनं दोघींना जवळजवळ उडवलंच होतं. म्हणून समितीनं साबण विकायचं ठरवलं. गावातल्या एका बाईंचा घरगुती साबणाचा कारखाना होता. गुलाब, लिंबू, पुदिना आणि बिनवासाचा, असे चार प्रकार. मुलं तीन आठवडे घरोघर फिरली. एकेका गिऱ्हाइकाचा एकेक छापील फॉर्म: वर क्रमांक, मग मुलाची इयत्ता आणि हजेरी क्रमांक, गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, सही, आणि खाली कोणत्या वासाच्या किती वड्या. असे तीनशे शहाऐंशी फॉर्म त्या हिरव्या फाईलमध्ये होते.

"एकूण आकडे साबणवालीला गेलेत," दंतवैद्य म्हणाला. "उद्या बारा वाजता दोन हजार वड्या दारात येतील. कुणाच्या घरी काय द्यायचं, ते मात्र फक्त फाईलमध्ये होतं."

"नक्कल?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"आज संध्याकाळी संगणकावर चढवणार होतो."

लोकांनी पैसे आगाऊ दिले होते. साबण मिळाला नाही तर ते पैसे परत मागतील, आणि पुन्हा या शाळेचं मूल दारात उभं राहिलं तर दार लावून घेतील. बस तर दूरच.

तेवढ्यात खिडकीतून दंतवैद्याला टपालताई दिसल्या. दुसरीतल्या नातीला वर्गात सोडून त्या फाटकाकडे निघाल्या होत्या. तीस वर्षं टपाल कचेरीच्या वर्गीकरण खोलीत पत्रं लावण्यात गेलेली, सडपातळ, कमी बोलणारी बाई. उद्याच्या वाटपासाठी गल्लीवार याद्या लावून द्यायचं त्यांनी कबूल केलं होतं.

दंतवैद्यानं त्यांना आत बोलावलं, आणि दार लावून घेतलं.

"ताई, पोलिसांत जायला मुख्याध्यापिकाबाई तयार नाहीत. शाळेची अब्रू जाईल म्हणतात. उद्या बारापर्यंत वेळ आहे. तुमचं आयुष्य हरवलेली कागदपत्रं शोधण्यात गेलं."

टपालताईंनी कपाटाकडे पाहिलं. कुलूप शाबूत होतं. पैशांचा डबा जागच्या जागी होता.

"पैसे मोजलेत?"

"पैसुद्धा हललेली नाही."

"मग हा चोर पैशाचा नाही," त्या म्हणाल्या. "त्याला कागदच हवे होते. काल काय काय झालं, ते मला पहिल्यापासून सांगा."

२

काल दुपारी तीन वाजता याच खोलीत बैठक झाली होती. बैठकीला पाच जण होते: दंतवैद्य, मुख्याध्यापिका, शाळेचे कारकून अण्णा, चित्रकलेच्या बाई आणि वाटपासाठी आपला टेम्पो फुकट देणारा टेम्पोवाला. त्याचा भाचा शाळेत तिसरीत होता म्हणे.

बैठकीत दंतवैद्यानं एक घोषणा केली होती. ज्यांनी ज्यांनी साबण घेतला त्यांची नावं पत्त्यांसकट फाटकाजवळच्या फळ्यावर लावायची, आणि पालकांच्या फोनवरच्या गटातही टाकायची. "जाहीर आभार मानले की माणसाला बरं वाटतं. पुढच्या वेळी तो दुप्पट घेतो." सगळ्यांनी मान डोलावली होती. उरलेले कोरे फॉर्म वाया जाऊ नयेत म्हणून मागच्या बाजूवर चित्रं काढायला चित्रकलेच्या बाईंना दिले होते. मग फाईल कपाटात गेली, किल्ली भिंतीवरच्या घड्याळामागच्या खिळ्याला. ती जागा अख्ख्या शाळेला ठाऊक होती.

टपालताई आधी अण्णांकडे गेल्या.

अण्णांचं टेबल आरशासारखं असायचं. ते पहिल्यापासून या विक्रीच्या विरोधात होते, आणि ते त्यांनी लपवलंही नव्हतं.

"शाळा म्हणजे काय दुकान आहे?" ते म्हणाले. "पोरांना दारोदार पाठवून साबण विकायला लावायचा. मी बैठकीत सांगितलं होतं. पण माझं ऐकतंय कोण."

"काल शेवटी कोण गेलं?"

"मी साडेपाचला निघालो. शिपाई खोल्या बंद करत होता. चित्रकलेच्या बाई पोस्टर सुकायची वाट बघत बसल्या होत्या." अण्णांनी चष्मा काढला. "तुम्ही मलाच विचारायला आलात, ते मला कळतं. डॉक्टरसाहेबांनी सकाळपासून माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलंय, तशी नजर या शाळेत आजवर कुणी मला दाखवली नव्हती."

त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. त्यामुळेच टपालताईंना तो लागला.

चित्रकलेच्या बाई वरच्या मजल्यावर होत्या. पस्तिशीच्या, हातांना कायम रंग लागलेल्या. या विक्रीची सगळी पोस्टरं त्यांची होती; वर्गावर्गांत जाऊन मुलांना दारात कसं बोलायचं तेही त्यांनीच शिकवलं होतं.

"मिळेल ना फाईल?" त्यांनीच आधी विचारलं. "मुलं इतकी फिरली आहेत."

"तुम्ही काल उशिरापर्यंत होतात."

"सहापर्यंत. कुणी दिसलं नाही मला." बाईंनी ब्रश पाण्यात बुडवला, काढला, पुन्हा बुडवला. पाणी आधीच स्वच्छ होतं.

जिन्यावरून उतरताना टपालताईंना साबणवाली भेटली. नमुन्याची टोपली दंतवैद्याला द्यायला आली होती, आणि फाईलची बातमी तिला फाटकावरच मिळाली होती.

"माझ्याकडे तर नुसते आकडे," ती म्हणाली. "गुलाब नऊशे, लिंबू सहाशे, पुदिना साडेचारशे, बिनवासाचा पन्नास. नावं माझ्याकडे कुठून असणार? त्या टेम्पोवाल्यालाही मी तेच सांगितलं."

"त्यानं विचारलं होतं?"

"परवा खोकी बघायला आला होता, तेव्हा. बिनवासाचा कोण कोण घेतं, म्हणाला. मी म्हटलं, बाबा, शाळेत विचार." तिनं टोपली दुसऱ्या हातात घेतली. "बिनवासाच्याला गिऱ्हाईक कमीच हो. ज्यांच्या अंगावर वासानं पुरळ उठतं, तेच घेतात."

टपालताईंनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. त्यांचं डोकं तेव्हा किल्लीत अडकलं होतं. नंतर याच गोष्टीबद्दल त्यांनी स्वतःला बरेच दिवस माफ केलं नाही.

दुपारी एक वाजता अण्णा हॉलमधल्या नकाशांच्या कपाटातून भूगोलाचा नकाशा काढायला गेले, आणि दोन मिनिटांत परत आले. त्यांच्या हातात हिरवी फाईल होती.

३

"ज्यानं ठेवलं, त्यालाच सापडलं," दंतवैद्य म्हणाला. हळू म्हणाला, पण खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतपत.

अण्णांनी फाईल टेबलावर ठेवली आणि ते निघून गेले.

दंतवैद्यानं भराभर फॉर्म मोजले. तीनशे शहाऐंशी. पुन्हा मोजले, तितकेच. त्याच्या जिवात जीव आला. "चला, गंगेत घोडं न्हालं. कोण होतं ते नंतर बघू."

"मला अर्धा तास द्या," टपालताई म्हणाल्या. "गल्ल्यांप्रमाणे लावायच्या आधी एकदा नजरेखालून घालते."

त्या एकट्याच टेबलाशी बसल्या. फाईलची नाडी सुटलेली होती. पहिला फॉर्म दोनशे सोळा नंबरचा होता. त्याखाली दोनशे पंधरा. मग दोनशे चौदा. आकडे असे उलटे उतरत एकपर्यंत गेले. एकच्या खाली तीनशे एक्याण्णव नंबरचा एक फॉर्म, आणि त्याच्या खाली दोनशे अठरा, दोनशे एकोणीस, असे शेवटपर्यंत सरळ.

त्या जरा मागे टेकून बसल्या.

वर्गीकरण खोलीत नवखी माणसं गठ्ठ्यातून एखादं पत्र शोधताना हेच करायची. वरचं पत्र उचलायचं, बाजूला ठेवायचं. दुसरं उचलायचं, पहिल्यावर ठेवायचं. बाजूचा गठ्ठा आपोआप उलटा होत जातो. हवं ते पत्र मिळालं की हात थांबतो, आणि घाईत असलेला माणूस उलटा गठ्ठा तसाच वर ठेवून देतो.

इथं हात दोनशे सतराला थांबला होता. आणि दोनशे सतरा नंबरचा फॉर्म फाईलमध्ये नव्हताच. मोजणी बरोबर यावी म्हणून त्याच्या जागी तीनशे एक्याण्णव नंबरचा घातला होता.

त्यांनी तो फॉर्म बोटांत धरला. बाकीच्या फॉर्मांना मधोमध आडव्या-उभ्या घड्या होत्या. मुलांच्या खिशांतून, दप्तरांतून आले होते ते. कुठं शाईचा डाग, कुठं चहाचा. हा मात्र गुळगुळीत होता, कुणाच्या खिशात कधी गेलेला नव्हता. इयत्ता चौथी, हजेरी क्रमांक एकोणीस. गिऱ्हाइकाच्या नावाची आणि पत्त्याची जागा मिळून एकच ओळ लिहिली होती: 'साबण शाळेतून नेतील.' खाली, बिनवासाचा, सहा.

म्हणजे साबणाची मागणी तशीच होती. नाव आणि पत्ता तेवढा नाहीसा झाला होता.

एक पत्ता लपवायला कुणी तरी अख्खी फाईल उचलली, आणि विक्री बुडू नये म्हणून भर दिवसा, पकडलं जायचा धोका पत्करून परत आणून ठेवली. हे अण्णांचं काम नव्हे. अण्णांना विक्री बुडाली तर वाईट वाटलं नसतं. ज्याला ही विक्री व्हावी असं मनापासून वाटत होतं, त्याचंच हे काम.

त्यांनी सगळे फॉर्म सवयीनं क्रमानं लावले. तीनशे एक्याण्णव नंबरचा आपोआप तळाशी गेला. फाईल दंतवैद्याच्या हातात देऊन त्यांनी विचारलं, "फॉर्म एकूण किती छापले होते?"

"चारशे. वरचे चौदा कोरे चित्रकलेच्या बाईंना दिले, सांगितलं ना."

टपालताई जिना चढायला लागल्या.

४

चित्रकलेच्या खोलीत दोरीवर मुलांची चित्रं चिमट्यांनी लावलेली होती. तास संपला होता. खोलीत बाई एकट्याच होत्या. टपालताईंनी काही न विचारता एकेक चित्र उलटून मागचा नंबर पाहायला सुरुवात केली. तीनशे सत्त्याऐंशी. तीनशे अठ्ठ्याऐंशी. एकोणनव्वद. नव्वद. मग ब्याण्णव.

"तेरा आहेत," त्या म्हणाल्या. "चौदावा खाली फाईलमध्ये आहे."

बाई खिडकीशी उभ्या होत्या. त्यांनी नाकारलं नाही. हातातलं फडकं त्या बराच वेळ पिळत राहिल्या; त्यात पाणी नव्हतं.

"अण्णांवर आळ आलाय ना," शेवटी त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं शिपायाला सापडेल. अण्णांचं नाव येईल असं मनातही नव्हतं. मी आत्ता जाऊन सांगते सगळ्यांना."

"आधी मला सांगा. दोनशे सतरावर कुणाचा पत्ता होता?"

"माझाच," बाई म्हणाल्या.

मग त्या बोलायला लागल्या. त्यांच्या घराची वरची खोली त्यांनी सात महिन्यांपूर्वी एका बाईला भाड्यानं दिली होती. सोबत नऊ वर्षांची मुलगी. दोन गावं बदलून त्या इथं आल्या होत्या. नवऱ्यानं तिचा हात दोनदा मोडला होता. दुसऱ्यांदा मुलगी मध्ये पडली तर तिलाही जिन्यावरून ढकललं. त्यानं दोघींच्या जवळ फिरकू नये असा कोर्टाचा हुकूम होता. पण हुकूम कागदावर असतो, माणूस दारात येऊन उभा राहतो. पहिल्या गावात तो शाळेच्या फाटकावर येऊन थांबला होता.

"मुलीनं मोठ्या हौशीनं आईलाच साबण विकला. तिची ती एकच विक्री. आईनं कौतुकानं स्वतःचं नाव घातलं, सही केली. तेव्हा वाटलं, कागद शाळेतच राहणार आहे. आणि काल डॉक्टर म्हणाले, सगळे पत्ते फळ्यावर."

"डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगायचं होतं."

"डॉक्टर वाईट नाहीत. पण त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. आणि मी तिला शब्द दिला होता, कुणालाही, अगदी कुणालाही सांगणार नाही." बाईंनी डोळे पुसले, गालाला निळा रंग लागला. "मी एकच फॉर्म काढणार होते. तेवढ्यात शिपायाची पावलं वाजली. अख्खी फाईल चित्रांच्या पिशवीत टाकली आणि घरी नेली. सकाळी ती परत कपाटात ठेवायला आले, तर डॉक्टर माझ्या आधी हजर. मग हॉलमधल्या नकाशांच्या कपाटात सारली."

टपालताई मुलांच्या बाकावर बसल्या. बाक त्यांना लहान होता.

"मुलीच्या आईच्या अंगावर पुरळ उठतं का? वासाच्या साबणानं?"

बाईंनी चमकून पाहिलं. "लहानपणापासून. तुम्हाला कसं कळलं?"

टपालताईंच्या कानात साबणवालीचा आवाज घुमत होता. बिनवासाचा कोण कोण घेतं, म्हणाला.

"तो माणूस तुम्ही कधी पाहिलाय? फोटोत तरी?"

"कधीच नाही. तिनं सगळे फोटो फाडून टाकले."

"आणि तो टेम्पोवाला या शाळेत कधीपासून यायला लागला?"

"तीन आठवडे झाले असतील. विक्री सुरू झाली तेव्हापासून. तेही मागच्या फाटकानं, मुलं वर्गात असतानाच." बाई बोलता बोलता थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

टपालताई उठून कठड्याशी गेल्या. खाली अंगणात दंतवैद्य रिकाम्या हातानं, खुशीत, शीळ घालत चालला होता.

"डॉक्टर," त्यांनी वरूनच विचारलं, "फाईल कुठे आहे?"

"टेम्पोवाल्याला दिली. रस्ते नीट बघून ठेवतो म्हणाला. मागच्या फाटकाशी बसलाय."

५

टपालताई जिना उतरल्या. त्यांनी बाईंना मुख्याध्यापिकांकडे पाठवलं: सगळं सांगा, चौथीचा वर्ग सुटू देऊ नका, आणि पोलिसांना फोन करा. स्वतः त्या मागच्या फाटकाकडे निघाल्या. धावत जायचं नाही, एवढं त्यांनी स्वतःला बजावलं. धावत आलेली बाई पाहून माणूस सावध होतो.

टेम्पो लिंबाच्या सावलीत उभा होता. तो चालकाच्या जागी बसला होता, फाईल स्टिअरिंगवर टेकवून. चाळिशीचा, नीटनेटका, दाढी केलेला, इस्त्रीचा शर्ट. रोज हसून नमस्कार करणारा माणूस.

त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या, तरी त्याला लगेच कळलं नाही. त्याचं बोट फॉर्मवरून फिरत होतं. रस्ते बघणारा माणूस पत्ता वाचतो. याचं बोट पत्त्याकडे जात नव्हतं. ते दरवेळी सरळ खाली, उजव्या कोपऱ्यातल्या चौथ्या चौकोनावर जात होतं. बिनवासाचा. तिथं शून्य दिसलं की पान उलटत होतं. आकडा दिसला की मगच तो वर नाव वाचत होता.

त्याच्या उजव्या बाजूला तीस-पस्तीस फॉर्म उरले होते. तळाशी तीनशे एक्याण्णव: इयत्ता चौथी, हजेरी क्रमांक एकोणीस, बिनवासाचा सहा. टपालताईंनी स्वतःच्या हातानं ठेवलेला.

"दादा," त्या म्हणाल्या, "फाईल जरा द्या. गल्ल्यांप्रमाणे लावायची आहे अजून."

तो हसला. "राहू द्या ताई. मी बघतो माझं."

"अहो, अशी नेलीत तर उद्या एकाच गल्लीत दहा वेळा जाल. माझं तीस वर्षं हेच काम. तासाभरात लावून देते."

"मला सवय आहे." बोट पुन्हा कोपऱ्यावर गेलं. पान उलटलं. तीनशे एकोणसाठ. "फार तर दहा मिनिटं. मग तुम्हीच घ्या."

त्यांनी फाईल ओढली असती तर त्यानं सोडली नसती. आरडाओरडा केला असता तर तो फाईल घेऊन निघून गेला असता. त्यांनी पिशवीतून वही काढली, पेन काढलं, आणि वही टेम्पोच्या दारावर टेकवली.

"बरं, राहू द्या. मग पोच तेवढी लिहून द्या मला."

"कसली पोच?"

"फाईल तुमच्या ताब्यात आहे, त्याची. सकाळी एकदा गहाळ झालीय, आता मी तोंडी काही घेत-देत नाही. पूर्ण नाव, राहण्याचा पत्ता, गाडी चालवायच्या परवान्याचा नंबर, आणि सही. परवाना जरा दाखवा, मीच उतरवून घेते."

त्याचं बोट थांबलं. त्यानं पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्या नजरेत हसू नव्हतं, आणि ती लवकर हलली नाही. टपालताईंनी पेन वहीवर टेकवलेलं होतं ते टेकवलेलंच ठेवलं. टपाल कचेरीच्या खिडकीशी नियम सांगताना यायचा तसा कंटाळलेला चेहरा त्यांनी आणला होता.

"परवाना घरी राहिला," तो म्हणाला.

"मग फाईल उद्या. परवाना आणा, सही करा, घेऊन जा. लावून तयार ठेवते."

कुठल्याशा वर्गात मुलं एका सुरात पाढे म्हणत होती. मग त्यानं फाईल मिटली आणि खिडकीतून बाहेर दिली.

"उद्या बाराला साबण घेऊन येतो," तो म्हणाला. "तेव्हा तयार ठेवा."

"ठेवते," टपालताई म्हणाल्या. टेम्पो वळणाआड गेला तेव्हा त्या लिंबाच्या बुंध्याला धरून खाली बसल्या.

६

शनिवारी बाराला पाच मिनिटं कमी असताना टेम्पो शाळेच्या अंगणात शिरला. मागं साबणाची ऐंशी खोकी होती. शिपायानं फाटक लावून घेतलं. व्हरांड्यातल्या बाकावर साध्या कपड्यांत बसलेले दोघे जण उठले आणि टेम्पोच्या दोन्ही दारांशी जाऊन उभे राहिले.

त्यानं फारसा विरोध केला नाही. खाली उतरताना त्यानं व्हरांड्यावरून, वर्गांच्या खिडक्यांवरून एकदा नजर फिरवली. शाळेला सुट्टी होती. मुलगी आणि तिची आई आदल्या दुपारपासून मुख्याध्यापिकांच्या बहिणीकडे होत्या, आणि ते घर कुठं आहे हे फक्त मुख्याध्यापिकांना ठाऊक होतं.

फौजदारबाईंनी नंतर सांगितलं, या दोन महिन्यांत त्यानं आणखी दोन शाळांना असाच फुकट टेम्पो दिला होता. तिसरीत त्याचा भाचा वगैरे कुणी नव्हता. तो परत सुटून येणार नाही असं वचन त्यांनी दिलं नाही. कोर्टाचा हुकूम मोडल्याचा गुन्हा लागेल, म्हणाल्या, पुढचं पुढं.

साबण मात्र वाटायचा होताच. टपालताईंनी आदल्या संध्याकाळी नाव-पत्त्यांची यादी केलीच नाही. नुसत्या फॉर्मच्या नंबरांची केली. मोठ्या माणसांनी यायचं, आपल्या पावतीवरचा नंबर सांगायचा, आणि पुडकं न्यायचं. अण्णा टेबल मांडून नंबर पुकारत होते. त्यांना सकाळी चित्रकलेच्या बाई घरी जाऊन भेटल्या होत्या. काय बोलणं झालं ते कुणाला कळलं नाही. पण अण्णा आले होते, आणि पुडक्यांवरच्या चिठ्ठ्या सरळ रेषेत लावायला त्यांनी दोघा पालकांना फर्मावलं होतं. तीन वाजेपर्यंत अंगण रिकामं झालं. बसचे पैसे जमले होते, थोडे वरही उरले होते.

मग समिती शिक्षकांच्या खोलीत बसली. दंतवैद्यानं नोंदवही उघडली.

"मीच दिली त्याला फाईल," तो म्हणाला. "स्वतःच्या हातानं. आणि फळ्याची कल्पनाही माझीच."

"तुम्हाला माहीत नव्हतं," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"अण्णा, मी तुम्हाला जे बोललो—"

"ते राहू द्या," अण्णा म्हणाले. "बस कधी येते ते सांगा."

दंतवैद्यानं पेनाचं टोपण काढलं. "नोंद तर करावी लागेल. गुरुवारी फाईल कपाटातून गेली. कुणी नेली, ते अजून मला कुणी सांगितलेलं नाही." त्यानं टपालताईंकडे पाहिलं. "तुम्हाला ठाऊक आहे."

"हो."

चित्रकलेच्या बाई खुर्चीत पुढे सरकल्या. टपालताईंनी टेबलाखाली त्यांच्या मनगटावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

"लिहा," त्या म्हणाल्या. "यापुढे विक्रीच्या कुठल्याही फॉर्मवर घराचा पत्ता घ्यायचा नाही, आणि कुणाचं नाव त्याला विचारल्याशिवाय फळ्यावर लावायचं नाही. असं सर्वानुमते ठरलं."

दंतवैद्यानं ते सगळं लिहून घेतलं. मग मान वर केली.

"आणि फाईलचं काय?"

"सापडली ना," टपालताई म्हणाल्या.

दंतवैद्याची नजर टेबलापलीकडे चित्रकलेच्या बाईंच्या चेहऱ्याकडे गेली, तिथून अण्णांकडे, आणि परत वहीकडे. त्यानं तीन शब्दांची एक ओळ लिहिली, 'हरवलेली फाईल सापडली', आणि वही सह्यांसाठी पुढे सरकवली.